नट आधी, तोंड मागून

नळीचं तोंड फुलवणं हा माझा धंदा आहे, असं सांगितलं की बायका आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या हातांकडे. सोसायटीतल्या हळदीकुंकवाला एकीनं विचारलंच, म्हणजे नेमकं काय हो करता? मी म्हटलं, तुमच्या गाडीचा ब्रेक दाबला की लागतो ना, तो एका बारीक स्टीलच्या नळीतल्या तेलामुळे लागतो. त्या नळीची दोन्ही तोंडं मी करते. तिनं वाण घेतलं आणि पुढं सरकली. मला राग नाही आला. ब्रेक लागतोय तोवर त्याची कुणी चौकशी करत नाही, आणि ते बरंच आहे.

चिखलीत आमची शेड आहे. एका बाजूला पावडर कोटिंगवाला, दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी, मधे आम्ही. मूळचे आम्ही बीडकडचे. मिस्टर चाकणच्या एका कंपनीत नळ्यांच्याच लाइनवर होते. ती लाइन दुसऱ्या राज्यात गेली, तेव्हा त्यांनी एक जुनं मशीन आणलं आणि शेड टाकली. जुन्या गाड्यांचे ब्रेक पाइप बाजारात तयार मिळत नाहीत. गॅरेजवाले गंजलेला पाइप घेऊन येतात, आम्ही त्याच मापाचा, त्याच वळणांचा नवा करून देतो. बाहेरचं फिरणं आणि फोन मिस्टरांकडे, मशीनवर मी. का, तर त्यांच्या हातून तोंड तिरकं जातं. कंपनीत एवढी वर्षं काढली, पण तिथं बटण दाबायचं होतं. मी लहानपणापासून करंज्यांच्या कडा दुमडत आलेय. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते आणि ते हसतात, म्हणून तर संसार चाललाय.

काम तसं सरळ आहे. नळी कापायची, कापलेल्या कडेचे बारीक काटे कानशीनं काढायचे, नट ओवायचा, नळी मशीनच्या जबड्यात घट्ट धरायची आणि तोंड दाबायचं. तोंडं दोन प्रकारची. बबल म्हणजे नळीचं तोंड नुसतं फुगवायचं. डबल म्हणजे ते फुगवलेलं तोंड परत आत दुमडायचं, मग कड दुहेरी होते. म्हणजे बबल हा डबलच्या वाटेवरचा अर्धा मुक्काम. पण जिला बबल लागतं त्या गाडीला डबल चालत नाही. चालत नाही, आणि चालत नाही हे कळतही नाही, ही त्यातली खोड. आटे तेच असतात, नट मुकाट्यानं बसतो, पाना मारला की आवळतो, सगळं कसं छान दिसतं. आत मात्र तोंडाला तोंड नीट टेकलेलं नसतं. हलका ब्रेक मारला तर निभून जातं. जोरात दाबला की तेल पाझरायला लागतं, आणि तेल गेलं की पाय सरळ खाली जातो.

आणि नट विसरायचा नाही. तोंड एकदा फुललं की त्यावरून नट जात नाही. एका टोकाला विसरलात तर दुसऱ्या टोकानं ओवता येतो. दोन्हीकडे विसरलात तर नळी भंगारात. म्हणून आमच्या शेडमध्ये शुभंकरोतीसारखं एक वाक्य आहे: नट आधी, तोंड मागून. पाइप झाला की मी हातपंपानं तेलाचा दाब देऊन तपासते. थेंब आला नाही तर नटामागं लाल नेलपॉलिशचा एक ठिपका. पार भोसरी-दिघीपर्यंतचे गॅरेजवाले म्हणतात, टिकलीवाला पाइप आहे ना, मग डोळे झाकून घाल.

आता भाऊजींचं सांगते, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचं. आमच्या भागात ब्रेक शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक गाडीचा. दुसरा कंपनीचा, कंत्राटावरच्या पोरांना काही महिने झाले की घरी बसवतात, त्याला ब्रेक देणं म्हणतात. भाऊजींना चाकणमध्ये असा ब्रेक मिळाला, तेव्हा ते आमच्या शेडमध्ये आले. हात चांगला. मीच शिकवलं. पण लक्ष सगळं मोबाइलमध्ये. एकदा अख्ख्या बंडलाची दोन्ही तोंडं फुलवून ठेवली, एकसारखी, सुबक, बघत राहावं अशी. नट सगळे डब्यात. मी तेव्हा एक शब्द बोलले नाही. मिस्टर म्हणतात, ती बोलली नाही कारण तिला वाचाच फुटली नाही.

बोलले ती नंतर, भाऊजींच्या मुलीच्या बारशाला. बायकांनी उखाण्याचा आग्रह धरला, मी काय, कधी नाही म्हणते? मिस्टरांचं नाव गुंफून घेतलाच:

"पाइपाला दोन तोंडं, नट राहिले डब्यात,
अमुकरावांचे भाऊ हुशार, पण लक्ष नाही कामात."

डब्यात आणि कामात हे काही धड जुळत नाही, पण सगळी खोली हसली. भाऊजींचे सासरे सगळ्यांत जास्त हसले, आणि तिथं बिनसलं. सासुरवाडीत भाऊजींना 'बिननटाचे जावई' म्हणायला लागले, हे मला फार उशिरा कळलं. ते नाव मी ठेवलेलं नाही. आणि एवढ्यावरून कुणी माणसं तोडतं का, असं मी आजही विचारते. पण भाऊजी दुसऱ्या दिवसापासून शेडला आले नाहीत. भोसरीच्या कंपनीत लागले, दिघीत खोली घेतली, सासूबाईंनाही तिकडे घेऊन गेले. संक्रांत आली गेली, दिवाळी आली गेली. भावाशी हो-नाहीपुरतं बोलायचे, माझा फोन उचलायचे नाहीत. मीही करायचा सोडला. मला काय अडलंय, असं म्हणायचे, आणि पुरण घातलं की सासूबाईंच्या नावानं डबा भरून मिस्टरांबरोबर दिघीला पाठवायचे. भाऊजींना कटाची आमटी आवडते, म्हणून ती जरा जास्तच भरायचे.

दिघीत एक गॅरेजवाले काका आहेत, तिथल्याच जुन्या घरातले. आमचं जुनं गिऱ्हाईक. एका बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला. गिरणी जोरात चालू होती, आमचा कॉम्प्रेसर चालू होता. मिस्टरांनी एका कानात बोट घालून ऐकलं आणि मला ओरडून सांगितलं. मला ऐकू आलं, दोन्ही बाजूंनी डबल. मिस्टर म्हणतात, मी बबल म्हणालो. काका म्हणतात, मी बबलच सांगितलं. तिघांतलं कोण खरं हे अजून ठरलेलं नाही आणि ठरणारही नाही. काकांनी जुना पाइप रिक्षावाल्याबरोबर पाठवला होता, पण त्याची तोंडं गंजून पार झडलेली, त्यावरून माप आणि वळणं तेवढी मिळाली. मी डबल काढलं. पंपाला डबलचाच जोड लावून दाब दिला, थेंब नाही. ठिपका दिला. दुपारपर्यंत पाइप दिघीला पोचला. कुणाच्या गाडीचा, हे मी विचारलं नाही. कशाला विचारायचं?

दुसरा दिवस गुरुवार. आमच्याकडं कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आणि लाइट जायचा वारही तोच. गिरणी बंद, कॉम्प्रेसर बंद, पावडर कोटिंगवाला गावाला. शेडमध्ये इतकं शांत की चिमण्या ऐकू येत होत्या. मी बसून नट पुसत होते. काकांचा फोन आला, मिस्टरांनी स्पीकरवर टाकला. काका म्हणाले, कालच्यासारखाच आणखी एक पाइप लागेल, दुसऱ्या गाडीला, तसाच बबल.

मी हसून म्हटलं, काका, काल डबल होतं.

"न्हाई ताई. बबलच सांगितलं हुतं."

त्या शांततेत ब आणि ड इतके वेगळे ऐकू आले की माझ्या हातातला नट खाली पडला. मी विचारलं, पाइप बसवला का? काका म्हणाले, कालच बसवला, तुमची टिकली बघितली आन् बसवायला घेतला, गाडी सकाळीच भीमाशंकरला गेली. मी विचारलं, कुणाची गाडी? काका म्हणाले, हाये एका वळखीच्याची. मी परत विचारलं, जरा चढ्या आवाजात.

"तुमच्या दिराची. नाव सांगू नका म्हनले हुते."

भाऊजींनी जुनी सात सीटची गाडी घेतली होती, हे मला ऐकून माहीत होतं. गुरुवारची सुट्टी, म्हणून सासूबाईंना देवदर्शनाला नेलं असणार. म्हणजे गाडीत सासूबाई, जाऊबाई, बारशातली ती मुलगी, आता चालायला लागलेली, आणि भाऊजी. जाताना घाट चढायचा, तिथं ब्रेकचं काम थोडं. येताना उतरायचा. बाहेरच्या कुणाच्या गाडीत तो पाइप असता तरी मी घाबरलेच असते, पण इतकी नाही, हे खरं ते सांगते.

मी भाऊजींना फोन लावला. उचलेनात. मिस्टरांनी लावला. उचलेनात. जाऊबाईंचा लागेना. सासूबाईंचा फोन बंद, कारण बॅटरी संपू नये म्हणून त्या तो बंदच ठेवतात आणि फक्त स्वतःला करायचा असला की चालू करतात. मी पदर खोचला आणि म्हटलं, गाडी काढा. मिस्टर म्हणाले, अगं, मोटारसायकलवरून त्यांना गाठणार का आपण? मला कळत होतं की गाठणार नाही. पण बसवत नव्हतं. हातपाय हलवत राहिलं तर काहीतरी होईल, बसून राहिलं तर होईलच काय, असं मला वाटत होतं.

मोशीपर्यंत मिस्टर मला धीर देत होते. ब्रेकच्या दोन लाइनी असतात, एक गेली तरी दुसरी असते, अर्धा ब्रेक राहतोच, कंपनीत आम्हाला शिकवलंय. मी मागून म्हटलं, त्या अर्ध्या ब्रेकवर तुमची आई बसलीय. मग त्यांनी वेग वाढवला. इंद्रायणीचा पूल गेला. मी एका हातानं त्यांचा शर्ट धरला होता आणि दुसऱ्या हातानं फोन लावत होते. सगळे देव आठवले, आमच्या गावाकडचा खंडोबासुद्धा, ज्याच्याकडे लग्नानंतर फिरकलेले नव्हते. वाटत होतं, माझ्या त्या ठिपक्याला आग लागो. तो नसता तर कुणी दोनदा बघितलं असतं.

चाकणला गुरुवारची सुट्टी नसते. चौकात कंटेनर, कंपनीच्या बसगाड्या, ट्रॅक्टर, सगळं अडकून पडलेलं. मोटारसायकलसुद्धा पुढं सरकेना. एका कंटेनरच्या चाकाशेजारी आम्ही उभे, इंजिनांचा धूर तोंडावर. आणि माझा फोन वाजला. भाऊजींचं नाव. ते नाव स्वतःहून माझ्या फोनवर उमटल्याला इतके महिने झाले होते की क्षणभर मला फोन कसा उचलायचा तेच सुचेना.

"वहिनी, एवढे फोन? दादा बरा आहे ना?"

"गाडी थांबवा," मी म्हटलं.

"थांबलेलीच आहे. आई चहा पितेय."

मग मी एका दमात सगळं सांगितलं. पाइप आपल्या शेडचा आहे, तोंड डबल आहे, तुमच्या गाडीला बबल लागतं, घाट उतरू नका, आम्ही चाकणात आहोत, येतोय.

"माहितेय मला," ते म्हणाले. "कालच बघितलं. दोन्ही टोकं कापली आणि बबल काढलं."

"कुणी?"

"मी."

आता कुणीही शहाणी बाई इथं म्हणाली असती, देवा, तुझे उपकार. माझी जीभ वेगळ्याच मातीची आहे. माझ्या तोंडून निघालं, "नट?"

भाऊजींचा आवाज आला, आणि त्यात हसू होतं की रडू, मला अजून सांगता येत नाही.

"आधी घातला, वहिनी."

मी मोटारसायकलवरून उतरले आणि दुभाजकावर बसले. आणि भर चौकात हुंदके देऊन रडले. मिस्टरांना वाटलं, वाईट बातमी. त्यांचा चेहरा बघून मला हसू आलं, मग मी रडत रडत हसायला लागले, तेव्हा ते अजूनच घाबरले. कंटेनरच्या ड्रायव्हरनं वरून पाण्याची बाटली खाली दिली. सगळे सुखरूप आहेत, एवढं सांगायला मला बराच वेळ लागला. सांगितल्यावर मिस्टरांनी मोटारसायकल बाजूला घेतली, रसवंतीवर गेले आणि न विचारता माझ्यासाठी मोठा ग्लास आणला. तो रस इतका गोड लागला की मी अजून एक मागितला. परत येताना वाऱ्यानं डोळे मिटत होते. अंगातून ताप उतरल्यावर कसं रिकामं, हलकं वाटतं, तसं सगळं अंग झालं होतं.

ऊन कलताना भाऊजींची गाडी शेडसमोर येऊन थांबली. मी बोलावलं नव्हतं, तेच आले. सासूबाई आधी उतरल्या, प्रसादाची पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, चाकणात रस्त्यावर बसून रडत होतीस म्हणे, लोक काय म्हणतील. मी त्यांच्या पाया पडले. जाऊबाईंनी मुलीला माझ्याकडे दिलं. ती माझ्या हातातल्या बांगड्या मोजल्यासारख्या एकेक करून ओढत होती, आणि मला वाटलं, ओढ बाई, हव्या तेवढ्या ओढ.

मग भाऊजींनी सांगितलं ते असं. बुधवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर ते गॅरेजवर गेले, तेव्हा काका नातवाला शाळेतून आणायला निघत होते. पाइप आलाय, बसवायला घे, म्हणाले. भाऊजींनी पाइप हातात घेतला तेव्हाच लाल ठिपका दिसला आणि कुणाचा आहे ते कळलं. तोंड बघितलं तर डबल, आणि गाडीतली बसायची जागा बबलची. काकांकडं तोंड फुलवायचं हातानं दाबायचं लहान साधन आहे, नजर अधू झाल्यापासून ते पेटीतच पडून असतं. भाऊजींनी ते काढलं, तोंडं कापली, बबल केलं, नळी थोडी आखूड झाली ती वळणात सांभाळून घेतली. काका परत आले तेव्हा पाइप जागेवर बसलेला होता. दोघांनी मिळून ब्रेकमधली हवा काढली, आणि झालं.

मी विचारलं, काकांना का नाही सांगितलंत? आम्हाला का नाही कळवलंत? भाऊजी म्हणाले, काकांना सांगितलं असतं तर काकांनी अख्ख्या दिघीला सांगितलं असतं, की चिखलीच्या ताईंचा पाइप चुकला. आणि मग एखाद्या बारशात त्याचा उखाणा झाला असता. हे ते अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाले. मिस्टर दुसरीकडे तोंड करून खोकले.

हल्ली शेडमध्ये आम्ही बबल आणि डबल म्हणत नाही. फुगा म्हणतो आणि दुमड म्हणतो. गॅरेजवाल्यांनाही तीच सवय लावलीय. फोनवर कुणी जुना शब्द वापरला की मी फोन ठेवून देते आणि तो परत करतो तेव्हा विचारते, फुगा का दुमड? लोक हसतात. हसू देत.

त्या संध्याकाळी मात्र माझं समाधान होईना. ऐकलं ते ऐकलं, मला बघायचं होतं. मी टॉर्च घेतला आणि पोत्यावर आडवी होऊन गाडीखाली शिरले. सासूबाई वरून विचारत होत्या, ही आता कुठं चालली? पाइप सापडला. तोंडाशी दोन्हीकडे कोरडा. घाट चढून उतरून आलेली गाडी, आणि एक थेंब नाही. वळणं माझी होती, नट जागेवर होते, पण नटामागं ठिपका नव्हता. पुसल्याची फिकट लाली तेवढी राहिली होती.

मी खालूनच विचारलं, ठिपका कुठाय?

"पुसला थिनरनं," भाऊजी म्हणाले. "काम माझं होतं. त्यावर तुमचा ठिपका कसा ठेवू?"

मी गाडीखाली तशीच पडून राहिले. मग मी जाऊबाईंना हाक मारून फळीवरची नेलपॉलिशची बाटली मागवली आणि भाऊजींना म्हटलं, सीटवर बसा आणि ब्रेक दाबा. असा नाही, घाटात दाबाल तसा, जीव खाऊन दाबा आणि धरून ठेवा. त्यांनी दाबला. मी एका तोंडाभोवती बोट फिरवलं, मग सरकत जाऊन दुसऱ्या तोंडाभोवती. बोट कोरडं. पदराला पुसून परत फिरवलं. कोरडं. मी बाटली उघडली आणि नटामागं, त्या पुसलेल्या लालीवरच, नीट गोल ठिपका दिला. फुंकर मारून वाळवला.

भाऊजी अजून ब्रेक दाबूनच बसले होते, पाय थरथरेपर्यंत. मी खालूनच म्हटलं, "सोडा आता."